रॅकेटला जुळलेला हात

बॅडमिंटनची रॅकेट घ्यायला आज कुणी दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "तुमचा खेळ कसा आहे?" सिंगल्स खेळता की डबल्स, मागून स्मॅश मारायला आवडतं की नेटजवळ उभं राहायला, खांदा दुखतो का. उत्तरं मिळाली की भिंतभर टांगलेल्या रॅकेट्समधून दोन-तीन खाली येतात आणि त्यांतली एक घरी जाते. आम्हाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण खेळ रॅकेटच्या आधी यायचाच नाही. आधी रॅकेट घरात यायची, मग तिच्यातून जो निघेल तो आपला खेळ.

आणि ती तरी कशी यायची? सत्तर-ऐंशीच्या दशकात वाढलेल्या आमच्यापैकी बहुतेकांची पहिली रॅकेट नवी नव्हतीच. मोठ्या भावाची, मावसभावाची, बदली होऊन गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्यांची. लाकडी चौकट, पोलादी दांडा, मुठीवर घामानं काळं पडलेलं चामडं. वजन शंभर ग्रॅमच्या पुष्कळ वर. ज्याच्या हाती ती पडायची त्याच्या वयाशी, उंचीशी, मनगटाशी तिचा काही संबंध नसे. बहिणीला तर ती भावाचं मन भरल्यावर मिळायची. जाळी तोवर ढिली झालेली, मूठ तिच्या पंजात न मावणारी, आणि वर चामडं सुटू नये म्हणून गुंडाळलेली कापडी पट्टी, म्हणजे मूठ आणखीच जाड. अशा रॅकेटनं ती दोन उन्हाळे खेळायची आणि मग "हिला काही जमत नाही" असं घरातलं कुणीतरी म्हणायचं. तिला जमत होतं. रॅकेट तिची नव्हती, एवढंच. त्या रॅकेटपायी किती मुली या खेळातून बाहेर गेल्या असतील याचा विचार आला की जुन्या दिवसांबद्दलचं प्रेम जरा जपून वापरावंसं वाटतं.

आता दहा वर्षांच्या मुलीलाही तिच्या हाताची रॅकेट मिळते. मुठीच्या वरच्या शंकूवर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं. 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84, 5यू त्याहून हलकी. मुठीच्या जाडीला वेगळा आकडा, दांडा किती लवतो याला वेगळा शब्द, जाळी किती पौंडांपर्यंत ताणता येईल याची वेगळी मर्यादा. वजन डोक्याकडे असलेली रॅकेट मागून जोरात मारणाऱ्याला, कारण शटलला भिडताना तिचं डोकंच अर्धं काम करतं. डोक्याला हलकी असलेली डबल्समध्ये पुढे खेळणाऱ्याला, कारण तिथं जोरापेक्षा रॅकेट वर यायला लागणारा वेळ महत्त्वाचा. लवणारा दांडा शिकाऊ हाताला, कारण हाताचा वेग कमी पडला तरी दांडा स्वतः झुकून, परत उसळून शटल मागच्या रेषेपर्यंत पोचवतो. ताठ दांडा ज्याचा हात विजेसारखा फिरतो त्याला. दुसऱ्या कुणी घेतला तर शटल मध्यावरच पडतं आणि कोपर दुखायला लागतं. हे सगळं विचारपूर्वक बसवलेलं शास्त्र आहे. आमच्या वेळी ते असतं तर आमच्यातल्या कितीतरी जणांचे खांदे आज शाबूत असते.

लाकूड गेलं कसं, याची हकिकत मला फार आवडते. जपानमधल्या निइगाता भागात मिनोरू योनेयामा नावाचा एक माणूस 1946 पासून मासेमारीच्या जाळ्यांना लागणारे लाकडी तरंगे बनवत होता. मग प्लास्टिकचे तरंगे आले आणि त्याचा धंदा बसला. लाकडाचं काम येत होतं, म्हणून 1957 मध्ये तो बॅडमिंटनच्या रॅकेट्सकडे वळला. एकदा लाकडावर विसंबून पोळलेल्या त्या माणसानं दुसऱ्यांदा लाकडावर विसंबायचं नाही असं ठरवलं असावं. साठचं दशक संपता संपता त्याच्या कंपनीनं अॅल्युमिनियमची चौकट आणली, सत्तरचं दशक संपता संपता कार्बनची. तीच आजची योनेक्स. ज्या हातांचं लाकूड प्लास्टिकनं हिरावलं त्याच हातांनी आमच्या रॅकेटचं लाकूड हिरावलं.

लाकडी रॅकेट सांभाळणं हे स्वतंत्र काम होतं. खेळून आलं की ती तशीच कोपऱ्यात टेकवून ठेवायची नसे. तिला प्रेसमध्ये घालायची. दोन लाकडी चौकटी, चार कोपऱ्यांत चार बोल्ट आणि बोटांनी फिरवायचे पाकळ्यांचे नट. रॅकेटचं डोकं मधे सरकवायचं आणि नट आवळायचे, पण एका ओळीत नाही. एक वरचा डावा, मग खालचा उजवा, असे तिरपे, थोडे थोडे. एकच कोपरा आधी घट्ट केला तर चौकट तिकडेच कलायची, म्हणजे जो पीळ बसू नये म्हणून हा खटाटोप, तोच आपल्या हातानं बसवायचा. घरातल्या धाकट्याला नट आवळायला देत नसत. तो अधिकार वयानं मिळायचा. पावसाळ्यात प्रेससुद्धा पुरायची नाही. जूनमध्ये सरळ असलेली चौकट ऑगस्टमध्ये डोळ्यासमोर धरली, मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून पाहिलं, की हलकीशी वाकलेली दिसायची. मग त्या वाकाची सवय करून घ्यायची. बॅकहँडला शटल डावीकडे जातंय ना, मग थोडं उजवीकडे मारायचं. दिवाळीपर्यंत हात जुळलेला असे.

आता रॅकेट कापडी पिशवीत पडली काय आणि गाडीच्या डिकीत राहिली काय, तिच्या चौकटीला पावसाचं सोयरसुतक नाही. कार्बन ओल धरत नाही, वाकत नाही. मोडतं तेव्हा एकदमच मोडतं. डबल्समध्ये जोडीदाराच्या रॅकेटला आपली रॅकेट घासली, एक बारीक टक् आवाज आला, की चौकटीवर केसाएवढी चीर दिसते आणि तिचं आयुष्य संपतं. लाकडाची रॅकेट म्हातारी व्हायची, डुगडुगायची, तिच्या टी-जोडाशी, म्हणजे दांडा चौकटीला मिळतो तिथं, करकर यायला लागायची आणि तरी खेळत राहायची. म्हातारी रॅकेट चांगली खेळायची असं मुळीच नाही. पण ती कशी बिघडत चालली आहे हे रोज हाताला कळायचं.

दुकानातला विधी त्याहून मोठा. मुंबईत धोबी तलावाला जायचं. तिथं खेळाच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून. पुण्यात, नाशकात, सांगलीत आपापली दोन-तीन ठरलेली. बरोबर जाणता माणूस लागायचा. क्लबात खेळणारा काका किंवा शाळेचे सर. ते रॅकेट हातात घेऊन आधी काहीच बोलायचे नाहीत. चौकट डोळ्याच्या रेषेत धरायची, दांडा दोन हातांत हळूच लववून बघायचा, मग चौकट आणि दांडा मिळतात त्याच्या जरा खाली एका बोटावर रॅकेट आडवी तोलायची. डोकं खाली गेलं की "जड आहे", मूठ खाली गेली की "हलकी आहे". मग जाळीच्या मधोमध नखानं टिचकी आणि कान जवळ. बद्द आवाज आला तर परत, टणक आवाज आला तर बाजूला. शेवटी जाळी तळहातावर दोन-तीनदा आपटायची. आज 285 किंवा 295 मिलिमीटर असा जो तोलबिंदू छापून येतो तोच ते बोटावर मोजत होते आणि पौंडांत सांगितला जातो तो ताण ते कानानं ऐकत होते. यंत्र जास्त बिनचूक आहे, त्यात वाद नाही. सरांचा अंदाज चुकायचाही, आणि चुकला तरी पुढची तीन वर्षं तीच रॅकेट. पण त्या दहा मिनिटांत रॅकेटमध्ये काय बघायचं असतं हे आम्ही शिकायचो, आणि तेही कुणी शिकवतंय असं न जाणवता.

जवळजवळ प्रत्येक गावात एक गटिंगवाला असायचा. दुकानाच्या मागच्या अंगाला, एका बाकाशी. यंत्र नव्हतं. रॅकेट बाकाला पकडून ठेवायची, गट भोकातून ओवायची, लाकडी खुंटीला वेढा देऊन अंगाच्या जोरानं ओढायची आणि ओढलेली सुटू नये म्हणून भोकात आरी खुपसून ठेवायची. मग पुढचा धागा ओढेपर्यंत ती आरी तिथंच. उभे सगळे झाले की आडवे, एक वरून एक खालून, आणि प्रत्येक आडवा ओढल्यावर बोटांच्या टोकांनी रेषा सरळ करायची. खरी तात, आतड्याची, क्लबातल्या चांगल्या खेळाडूंना. बाकीच्यांना नायलॉन. तात जिवंत लागायची, पण पावसाळ्यात ओलावा धरून सुटायची, तुटायची. नायलॉन मठ्ठ, पण टिकाऊ.

गटिंगवाल्याचं खरं कसब मात्र जुनी गट कापण्याआधी दिसायचं. तो रॅकेट उजेडाकडे धरून गट कुठे तुटली ते पाहायचा. मधोमध तुटलेली असली तर काही न बोलता कामाला लागायचा. ती नीट खेळून झिजलेली. वरच्या टोकाशी, चौकटीच्या अगदी जवळ तुटलेली असली तर मान वर करून म्हणायचा, "शटलच्या खाली पोचायला उशीर होतोय. पाय हलवा." तो आमच्यापैकी कुणाचा खेळ पाहायला कधी कोर्टावर आला नव्हता. तुटलेल्या गटीवरून त्यानं पाय ओळखले होते.

आता इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. आकडा दाबला की तेवढ्याच पौंडांना प्रत्येक धागा ओढला जातो, अर्ध्या पौंडाचाही फरक नाही, आणि तासाभरात रॅकेट तयार. यंत्रावरचा मुलगा कामात वाकबगार असतो. त्याचा प्रश्न एकच, "किती पौंड?" आणि इथं एक गोष्ट मनापासून खटकते. हौशी खेळाडूही बिनदिक्कत 28, 30 सांगतात, कारण टीव्हीवरचे खेळाडू तेवढ्याला खेळतात. जाळी जितकी घट्ट तितका जोर जास्त, हा समज घट्ट बसलेला आहे आणि तो उलटा आहे. ढिली जाळी शटलला जास्त उसळी देते. घट्ट जाळी नेमकेपणा देते, पण जोर आपल्या हातातून काढायला लावते आणि शटल मधोमध लागलं नाही तर मनगटाला हिसका बसतो. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला 22 ते 24 पुष्कळ झाले. गटिंगवाल्यानं हे सांगितलं असतं. यंत्रावरच्या मुलालाही ठाऊक असतं, पण त्याला कुणी विचारत नाही आणि तो आपण होऊन सांगत नाही. गिऱ्हाइकानं मागितलं ते द्यायचं, अशी आता रीत आहे.

आपल्याकडे या खेळाची मुळं खोल आहेत. 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रजांनी त्याचे नियम बांधले आणि सुरुवातीला त्याला 'पूना' म्हणूनच ओळखत. क्रिकेटमधले प्रा. दि. ब. देवधर सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली चाळीसच्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये गाजत होत्या. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर 1956 मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकले आणि परदेशी भूमीवर आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांतही ते होते. नाटेकरांचा खेळ मनगटाचा, फसवणुकीचा. स्मॅशचा आव आणून शटल नेटच्या पलीकडे अलगद सोडायचं. तो काळ लाकडी चौकटीचा. आमच्या वडिलांच्या पिढीनं तो खेळ पाहिला आणि आम्हाला तोच खरा खेळ म्हणून सांगितला.

मग 1980 ची ऑल इंग्लंड आली. अंतिम सामन्यात समोर इंडोनेशियाचा लिम स्वी किंग, उडी मारून स्मॅश मारण्यासाठी जगभर प्रसिद्ध, आणि इकडे प्रकाश पदुकोण. प्रकाशनं त्याला उडी मारण्याइतकं उंच शटल दिलंच नाही. 15-3, 15-10. हा माणूस बंगळुरूच्या कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये शिकलेला, जिथं लग्नंही लागत. आमच्या गावांतूनही अशीच कोर्ट असायची, कार्य असलं की खेळ बंद. त्या विजयानं आमची खात्री पटली की जोर ही दुय्यम गोष्ट आहे, हात मऊ हवा. पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या हॉलांतून सगळे ड्रॉप मारत होते.

या खात्रीवर आज थोडा संशय घ्यावा लागतो. आमच्यातल्या बहुतेकांचा हात मऊ होता तो तत्त्वानं नव्हे. त्या रॅकेटनं आणि ढिल्या जाळीनं स्मॅश बसतच नव्हता, म्हणून ड्रॉप. जड डोकं पटकन वर येत नव्हतं, म्हणून दोन पावलं आधी निघायची सवय. याला आम्ही शैली म्हणत आलो. ती रॅकेटनं घालून दिलेली हद्द होती. पण त्या हद्दीत इतकी वर्षं राहिलं की ती आपलीच होऊन जाते. चुलतभावाची रॅकेट डोक्याला जड होती, तो जन्मभर मागच्या रेषेवरून खेळला. धाकट्याला दांडा मोडून आखूड केलेली मिळाली, तो नेटवर वाघ झाला. आज त्यांना त्यांच्या मापाची रॅकेट दिली तर ते कदाचित आणखी चांगलं खेळतील. पण तो खेळ त्यांचा असेल का, हे मला खरंच सांगता येत नाही.

आता खेळच बदलला आहे, हेही खरं. आमच्या काळी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि गुणफलक जागच्या जागी. त्या खेळात धीर हेच हत्यार होतं आणि धीराला जड रॅकेट चालते. 2006 मध्ये 21 गुणांची पद्धत आली, प्रत्येक रॅलीला गुण. आता एक सैल शटल म्हणजे एक गुण गेला. पहिल्या फटक्यापासून हल्ला करायचा तर हलकी, ताठ, घट्ट जाळीची रॅकेट हवीच. मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी खेळताना पाहिलं की हे डोळ्यांना कळतं. 2023 च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये सात्विकच्या एका स्मॅशचा वेग ताशी 565 किलोमीटर भरला, तो गिनीजमध्ये नोंदलेला आहे. 2022 मध्ये भारतानं थॉमस कप जिंकला तेव्हा आमच्या वयाचे लोक टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होते. त्या फटक्यांसाठी लाकूड कधीच पुरं पडलं नसतं. आणि तो आनंद जुन्या कुठल्याच आनंदापेक्षा कमी नव्हता.

तरीही हळहळ उरते, आणि ती रॅकेटची नाही. एकमेकांच्या रॅकेट ठाऊक असण्याची आहे. क्लबातल्या कपाटात सगळ्यांच्या रॅकेट्स एकत्र उभ्या असत आणि कुणाची कशी आहे हे प्रत्येकाला हातानं माहीत असे. गट तुटली की डाव थांबायचा नाही. बाकावर बसलेला आपली पुढे करायचा आणि आपण त्याच्या रॅकेटनं त्याच्यासारखं थोडं खेळायचो. जोशीकाकांच्या रॅकेटनं ड्रॉप छान पडतो, देसाईंची घेतली तर क्लिअर मागच्या रेषेबाहेर जातो, हे ज्ञान कुठल्याही पत्रकात छापलेलं नव्हतं. आज प्रत्येकाकडे दोन-तीन रॅकेट्स, एकसारख्या ताणाच्या, आपापल्या पिशवीत. एक तुटली की दुसरी निघते. दुसऱ्याची मागायची वेळच येत नाही, आणि मागणं आता जरा अप्रशस्तही वाटतं, इतकी महाग असते ती.

आता कुणी मला विचारतं, आमच्या मुलीला कोणती घ्यावी. मी सांगतो, 4यू घ्या, दांडा लवणारा बघा, 22 पौंडांच्या वर ताणू नका, मूठ तिला दोन बोटं आणि अंगठा सहज मिळतील अशी हवी. एवढं सांगून झालं की आणखी एक सांगतो. विकत घेण्याआधी तिला कोर्टावर तिच्यापेक्षा बरं खेळणाऱ्या दोघा-चौघांच्या रॅकेटनं एकेक गेम खेळू द्या. दुकानात हवेत फिरवून काही कळत नाही, मोबाइलवर तारे मोजून तर नाहीच. डबल्स संपल्यावर बाकावर पाणी पीत बसलेल्या माणसाला "काका, एक गेम तुमची देता का?" असं विचारायला तिला लाज वाटली, तर पहिल्या वेळी तुम्ही बरोबर जा. बहुतेक जण देतात. आणि देताना, मागितलं नसलं तरी, ती कुठून धरायची तेही सांगतात.